पिवळ्या टोपीतले बावीस जण

दिल्लीच्या विमानतळावर टूर मॅनेजरने माझ्या हातात एक पिवळी टोपी ठेवली आणि सांगितलं की काका, सात दिवस ही डोक्यावरून उतरवायची नाही, गर्दीत आपली माणसं ओळखू यायला पाहिजेत. मी त्याला म्हणालो की मी सेनगावात सत्तावीस वर्षं पोरांना भूगोल शिकवतो आहे, मला हरवायची सवय नाही. तो हसला. आपण काही बोललोच नाही असं वाटावं, असं त्याचं हसणं होतं. पुढचे सात दिवस तो माझ्याशी तसंच हसत होता, आणि मी रोज त्याच्यावर थोडा थोडा जास्त चिडत होतो.

ही सहल आमच्या पोरीने दिली होती. ती पुण्यात नोकरी करते. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तिने आम्हाला न विचारता किरगिझस्तानच्या साहसी सहलीत आमची नावं घातली आणि मग फोन करून सांगितलं. "बाबा, जे आयुष्यभर शिकवलं ते एकदा बघून या," असं म्हणाली. गवताळ प्रदेशाच्या धड्यात किरगीझ लोक यायचे. ते मेंढ्या-घोडे पाळतात, लोकरीच्या तंबूत राहतात, त्याला युर्त म्हणतात, घोडीच्या दुधाचं आंबवलेलं पेय पितात. हे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं की त्याबद्दल मला काडीचीही उत्सुकता उरली नव्हती. पण बायकोने त्याच दिवशी बॅगा काढल्या. जूनच्या सुरुवातीची तारीख होती, शाळा उघडायच्या आत परत येता येत होतं, त्यामुळे मला नाही म्हणायला जागा उरली नाही.

आम्ही बावीस जण होतो. बहुतेक पुण्याचे, थोडे नाशिकचे. आम्ही हिंगोलीचे म्हटल्यावर एकाने विचारलं, म्हणजे नक्की कुठं? मी सांगितलं. तो म्हणाला, अच्छा, तिकडं पाणी नसतं ना? नाशिकचे एक दातांचे डॉक्टर होते, त्यांच्या हातात मोबाईल लावलेली लांब काठी सकाळपासून झोपेपर्यंत असायची. त्यांच्या बायकोला माझ्या बायकोचं बोलणं फार आवडलं. बायको काहीतरी "न्हाई" म्हणाली की त्या बाई म्हणायच्या, परत म्हणा ना, किती गोड वाटतं. आणि बायको हसून परत म्हणायची. मी तिला खोलीत म्हणालो की तुझा पोपट करून राहिल्यात त्या. ती म्हणाली, करू द्या, त्यांचं काय जातं आन माझं काय जातं.

साहस म्हणाल तर ते सगळं दोरीला बांधलेलं होतं. आधी एका कागदावर सही करायची, की मेलो तर कंपनीचा दोष नाही. मग छातीला पट्टे, डोक्याला हेल्मेट, आणि एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर तारेला लटकून जायचं. मधात पोचल्यावर खाली नदी दिसते असं सांगितलं होतं. मला पोटात घुसलेला पट्टा दिसला आणि पलीकडच्या टोकाला अंगठा वर करून उभा असलेला टूर मॅनेजर दिसला. पोचल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. काका, एन्जॉय केलं की नाही? मी आयुष्यात कुणाच्या पाठीवर अशी थाप मारली नाही. वर्गातल्या नापास पोराच्याही नाही.

बसमध्ये भेंड्या चालायच्या. सोबत आणलेला आचारी सकाळी पोहे आणि रात्री पिठलं करायचा, आणि सगळे म्हणायचे, परदेशात आलोय असं वाटतच नाही. खिडकीतून शेपटीला चरबीचा गोळा असलेल्या मेंढ्यांचे कळप दिसायचे. मी मेंढपाळाच्या घरात वाढलेला माणूस, मला उतरून बघायचं होतं. जात कुठली, लोकर किती निघते, पाय कसे आहेत. मी दोनदा बस थांबवायला सांगितलं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं की मेंढ्यांचा कार्यक्रम चौथ्या दिवशी आहे.

चौथ्या दिवशी छापील कागदावर लिहिलं होतं: घोडेस्वारी, भटक्या कुटुंबाची भेट, वीस मिनिटं.

घोडेस्वारी म्हणजे आपण वर बसायचं आणि तिथल्या माणसाने लगाम धरून चालायचं. उंचावरचं ते कुरण मात्र खरंच मोठं होतं. झाड नाही, बांध नाही, गवत सरळ आभाळाला जाऊन टेकलेलं. वारा इतका गार की कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या. एक मोठा गोल तंबू, त्याच्यापाशी सौर पॅनल, शेणाच्या गोवऱ्यांची रचलेली भिंत, एक कुत्रं, आणि मागे दगडी वाड्यात कोकरं. खाली उताराला आणखी एक तंबू दिसत होता, दुसऱ्या कुटुंबाचा.

आमच्या दोन तुकड्या केल्या, अकरा-अकराच्या. आमची पहिली. तंबूचा मालक चाळिशीतला, पांढरी उंच टोपी घातलेला. त्याने छातीवर हात ठेवून आमचं स्वागत केलं आणि आपल्या बायकोला बाहेर बोलावलं. तिने लाल मखमलीचं जाकीट घातलं होतं, पण त्याच्या बाह्यांखालून जुन्या स्वेटरची टोकं बाहेर आली होती. ती प्रत्येकाशी हात मिळवत होती. माझा नंबर आला तेव्हा तिचा हात तापलेला होता. भाकरीच्या तव्यावर चुकून हात पडावा तसा मी माझा हात मागे घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाचा हात धरला.

आत गेलो. एका बाजूला अंथरूण गुंडाळलेलं होतं, पण घाईत, गोधडी अजून अर्धी जमिनीवर होती. चुलीशेजारी फडक्याने झाकलेलं एक घमेलं होतं. टूर मॅनेजरने सगळ्यांना गोल बसवलं आणि बोलायला लागला. हे लोक निसर्गाच्या कुशीत राहतात, यांना कशाची काळजी नाही, चिंता नाही, आपण शहरवाल्यांनी यांच्याकडून शिकायला पाहिजे. माझ्या धड्यापेक्षा त्याचा धडा वाईट होता असं मला म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी काठी वर केली. मॅडम, इकडे बघा. तिने बघितलं. त्यांच्या बायकोला तिचा डोक्याचा रुमाल बांधून फोटो काढायचा होता. त्यांनी स्वतःच्या टोपीकडे आणि तिच्या रुमालाकडे बोट केलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग गाठ सोडली आणि रुमाल काढून दिला. तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

मी उभा राहिलो. बोलताना माझी गावाकडची भाषा बाहेर आली. रागात ती येतेच.

"बाईला ताप हाय. चला सगळे बाहेर."

कुणी हललं नाही. टूर मॅनेजर उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की काका, यांना आधीच सांगितलेलं असतं, यांची तयारी असते. मी विचारलं, तिला विचारलं का तुम्ही? तो म्हणाला, हा कार्यक्रमाचा भाग आहे. आमच्यासोबत तिथली एक गाईड मुलगी होती. भारतातून तिकडं डॉक्टरकी शिकायला जाणाऱ्या पोरांकडून ती हिंदी शिकलेली. मी तिच्याकडे बघितलं, तर ती जमिनीकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, साहेब, तुम्ही बसा, सगळ्यांचा मूड जातोय. माझ्या बायकोने माझ्या शर्टाची बाही ओढली. मी ती सोडवून घेतली आणि बाहेर आलो.

बाहेर वाऱ्यात उभं राहून मला खूप बरं वाटलं, हे मी कबूल करतो. आपण बराबर वागलो असं वाटण्याची एक ऊब असते.

मी सात-आठ वर्षांचा असताना उन्हाळ्यात आमची मेंढरं कुरुंद्याकडे बसायची. हळद काढून झाली की शेतं मोकळी व्हायची, आणि शेतकरी खतासाठी कळप रात्रीचा शेतात बसवून घ्यायचे. आमचं पाल तिथंच बांधावर. एकदा तिथल्या शाळेचे गुरुजी चाळीस पोरं घेऊन आम्हाला बघायला आले. आई पालात माझ्या बहिणीच्या डोक्यातल्या उवा काढत होती. मी बोचक्यांच्या मागे लपलो. गुरुजींनी बाहेर उभं राहून छडीने दाखवलं, हे भटके लोक, हे एका जागी राहत नाहीत. मग त्यांनी बापाला विचारलं की आतून बघता येईल का. बापाने स्वतः पालाचं कापड वर धरलं. चाळीस तोंडं आत वाकली. आईने पदर पुढं ओढला आणि बहिणीचं डोकं सोडलं नाही. कुणीतरी वास येतो म्हणालं. बाप पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगायचा की गुरुजी आपल्या पालात डोकावले होते. आई त्याच्यावर कधी काही बोलली नाही.

आणि मास्तर झाल्यावर मीही एक वर्ग घेऊन गेलो होतो. सेनगावच्या बाहेर एक पाल पडलं होतं, आठवीची पोरं घेऊन गेलो. मी छडी नेली नव्हती, एवढंच.

हे सगळं डोक्यात चालू असताना तंबूचा मालक बाहेर आला. छातीवर हात ठेवून, मान तुकवून तो मला आत चला म्हणत होता. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याला वाटलं माझा काही अपमान झाला. तो पुन्हा पुन्हा हात जोडल्यासारखं करत होता आणि मी त्याला हिंदीत, मराठीत, जमेल त्या इंग्रजीत सांगत होतो की तुमची चूक नाही. त्याला एक शब्द कळत नव्हता. तेवढ्यात टूर मॅनेजर आला आणि गाईड मुलीला म्हणाला की इथं प्रॉब्लेम होतोय, दुसरी तुकडी खालच्या तंबूत घेऊन जा. तिने मालकाला ते सांगितलं. मालकाचा चेहरा उतरला. तो घाईघाईने काहीतरी सांगायला लागला, आतल्या पातेल्याकडे, पावाकडे हात करून. मग धावत आत गेला.

थोड्या वेळाने त्याची बायको बाहेर आली. डोक्यावर रुमाल नव्हता. ती सरळ माझ्याकडे चालत आली. माझ्या खांद्याएवढी उंची, पण मी एक पाऊल मागे सरकलो. ती मोठ्याने बोलायला लागली. पुरतं एक मिनिट बोलली, एकदाही श्वास घ्यायला न थांबता. बोट माझ्याकडे, मग खालच्या तंबूकडे, मग स्वतःच्या कपाळाकडे. त्या वेळेपर्यंत त्या देशात माझ्याशी कुणीही इतकं खरं बोललं नव्हतं.

मी गाईड मुलीला विचारलं, ती काय म्हणते आहे. ती म्हणाली, कुछ नहीं, अंकल, अंदर चलिए. मी म्हणालो, नाही, मला नीट सांग. मुलगी टूर मॅनेजरकडे बघून थांबली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली:

"वो बोलती है, आप अंदर आओ, बैठो, खाओ. आप बाहर खड़े हैं तो दूसरा ग्रुप नीचे वाले के पास जाएगा. सब ग्रुप फिर उधर जाएगा. वो बोलती है, मेरा बुखार मेरा है."

"आणखी काय म्हणाली?"

"बस. और आपको बुड्ढा बोला. तीन बार."

मी आत गेलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. तिने मला चुलीजवळ बसवलं, समोर तळलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे आणि सायीची वाटी ठेवली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी खायला लागेपर्यंत हलली नाही. सगळे बघत होते. मी एक तुकडा सायीत बुडवून तोंडात घातला. तिने आणखी दोन पुढं सरकवले. डॉक्टरांची काठी माझ्या नाकापासून हातभर अंतरावर होती. साय चांगली होती. चहा ओतताना माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

आम्ही बाहेर पडलो आणि दुसरी तुकडी आत गेली. त्यांच्यासाठी तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. हात मिळवले, बसवलं, रुमाल बांधायला दिला. आणखी वीस मिनिटं. मी घोड्यापाशी उभा राहून ती वीस मिनिटं घड्याळावर मोजली.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. किरगीझ ताईंनी आमच्या मास्तरकाकांना दटावून खाऊ घातलं, असं वर लिहून. खाली हसणारे चेहरे आले, मोजून एकोणीस. टूर मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला की काका, तुमच्या भावना समजतात, पण कंपनीचे काही नियम असतात, स्थानिक लोकांच्या पोटाचा प्रश्न असतो. तो बरोबर बोलत होता, आणि त्यामुळेच मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मी त्याला म्हणालो, तू मला काका म्हणू नकोस. त्यानंतर तो मला सर म्हणायला लागला आणि हसणं तेवढंच राहिलं.

उरलेले दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. बसमध्ये माझ्या मागची सीट रिकामी राहायची. नदीतल्या तराफ्यात मला कडेला बसवलं आणि प्रत्येक लाट माझ्या अंगावर आली. सगळ्यात वाईट म्हणजे बायकोही बोलत नव्हती. ती बायकांमध्ये बसायची, भेंड्यांत गायची, खोलीत आली की तोंड फिरवून झोपायची. मला वाटलं, हिला माझी लाज वाटते. त्याचा मला राग होता. मला वाटत होतं की बावीस जणांत एका माणसाने तरी माझ्या बाजूने बोलायला हवं होतं, आणि तो माणूस ती असायला हवी होती.

दिल्लीहून गाडीने हिंगोलीला उतरलो तेव्हा सकाळ होती आणि प्लॅटफॉर्मवर ऊन तापायला लागलं होतं. सेनगावची जीप भरायला वेळ लागला. मागच्या बाजूला आम्ही दोघं, आमच्या बॅगा, आणि पायांत सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या. पाऊस अजून पडायचा होता, पण लोकांनी पेरणीची तयारी केली होती. जीप सुटली आणि मी बोलायला सुरुवात केली. पाच दिवसांचं साचलेलं होतं. मी म्हणालो की तुला एवढा त्या नाशिकच्या लोकांचा पुळका, तुझा नवरा एकटा वाऱ्यात उभा होता आणि तू आत फोटो काढत बसली. एका आजारी बाईची दया आली नाही तुला.

ती माझं सगळं संपेपर्यंत बाहेर बघत होती. मग बोलली.

"मी फोटू काढत न्हवते. मी तिला निजवलं होतं."

मी विचारलं, कधी.

तिने सांगितलं. मी बाहेर गेल्यावर तिने डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावरचा रुमाल काढून घेतला. पुरुषांना म्हणाली, तिकडं तोंड करून बसा. आणि त्या बाईला हाताला धरून अंथरुणावर आडवं केलं. पर्समध्ये तापाच्या गोळ्यांचं पाकीट होतं, ते दातांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काठी खाली ठेवून ते वाचलं आणि चालेल म्हणाले. एक गोळी तिथंच दिली. उरलेल्या गोळ्या दिवसातून दोन, जेवल्यावर घ्यायच्या, हे बोटांनी करून दाखवलं. त्या बाईने पाकीट मोज्यात खोचलं. कधीपासून, असं विचारलं तर तीन बोटं दाखवली. मग बायकोच्या बांगड्यांना हात लावून बघायला लागली, तेव्हा बायकोने दोन काढून तिच्या हातात चढवल्या. मनगट रुंद होतं, एक बसता बसेना, म्हणून दोघी हसल्या.

"बरी पडून होती," बायको म्हणाली. "डोळे मिटले होते. तेवढ्यात तिचा नवरा पळत आला की तुमी रुसून उभे हाव, आन दुसरे लोक खाली चालले. तिला उठून बाहेर यावं लागलं."

जीप एका वळणावर थांबली, दोन माणसं उतरली, एक बाई चढली. बियाण्याची एक पिशवी माझ्या पायावर कलंडली, ती मी सरळ केली. मग मी विचारलं की हे मला तिथंच काहून नाही सांगितलं.

"तुमी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी त्या पोराशी भांडून राहिले होते."

मला तिच्या म्हणण्यात एक जागा सापडत नव्हती जिथे बोट ठेवता येईल, आणि त्यामुळे सेनगाव येईपर्यंत मी तिच्यावर चिडून बसलो. अजूनही थोडा आहे. जीप स्टँडवर थांबली तेव्हा तिने स्वतःची बॅग उचलली, माझी माझ्याकडे सरकवली, आणि दूध घ्यायचं आहे म्हणून पुढं चालायला लागली.